नाव घेऊ नये असं जनावर

(फोनवर. बद्रीनाथ नवीन जालन्यात, बहीण दैवशाला आणि आई चतुराबाई कुंभार पिंपळगावच्या घरी.)

दैवशाला: जोरात बोलू नको दादा. जनावर शिरलंय घरात.

बद्रीनाथ: काय सांगतेस! उसातलं? रविवारी पेपरात ज्याच्यावर लिहिलं मी, तेच?

दैवशाला: उसातूनच आलं असंल. दिवा लावून वळले, तर समोर. पिवळट, अंगभर ठिपके.

बद्रीनाथ: म्हणजे तेच. आई कुठंय?

दैवशाला: आतल्या खोलीत, बाजंवर. मी बी तिच्यापाशीच हाये.

बद्रीनाथ: गावाला जे सांगत फिरतो, तेच तुला सांगतो. आरडाओरडा नको, अंगावर जायचं नाही. खोलीचं दार लाव अन् कडी घाल.

दैवशाला: दार लावू? खरंच?

बद्रीनाथ: बिलकुल. जल्दी.

दैवशाला: जनावरातलं तुला कळतं बाबा. थांब… घातली कडी. बाजंवर चढून बसले.

बद्रीनाथ: शाब्बास. आता भ्यायचं नाही. वनखात्याला फोन लावतो, पिंजरा घेऊन येतील ते.

दैवशाला: पिंजरा? गजातून निसटून जाईल की ते.

बद्रीनाथ: असं कसं निसटेल? गुरगुरतंय का?

दैवशाला: न्हाई. कुकरवाणी आवाज काढून राह्यलंय. खालून.

बद्रीनाथ: खालून म्हणजे कुठून?

दैवशाला: बाजंखालून. आईच्या.

बद्रीनाथ: दैवशाला… ते खोलीच्या आत आहे?

दैवशाला: मंग! भायेर हाये असं कवा म्हणले मी?

बद्रीनाथ: अगं, बिबट्या बाजेखाली मावतो का?

दैवशाला: बिबट्या? बिबट्याचं कुणी काढलं?

बद्रीनाथ: मग नाव घे ना त्याचं!

दैवशाला: दिवेलागणीला नाव घेत्यात का त्याचं? जालन्यात राहून इतकं बी इसरलास?

चतुराबाई: नको घेऊ गं. नाव घेतलं की येतं.

बद्रीनाथ: आलंच आहे की आई! साप आहे ना?

दैवशाला: …हां.

बद्रीनाथ: डोकं तिकोनी? पाठीवर ठिपक्यांच्या रांगा?

दैवशाला: बराबर.

बद्रीनाथ: घोणस आहे ती. अरे देवा. तिच्यासंगं कोंडलं मी तुम्हाला. कडी काढता येईल?

दैवशाला: उतरायलाच जागा न्हाई. आता पायथ्याला येऊन बसलंय.

बद्रीनाथ: मग शेजारच्या तातेरावला हाक मार. काठ्या घेऊन येऊ दे सगळ्यांना. मारू दे तिला.

दैवशाला: तू म्हणून राह्यला हे? पोळ्याला याच तातेरावच्या हातातली काठी हिसकली तू. चार लोकांत भांडलास, सापाला हात लावायचा न्हाई म्हणून.

बद्रीनाथ: तवा त्याच्या तोंडाशी माझी आई नव्हती! मारा म्हणतो ना. मला दुसरं काही सुचत न्हाई, लई भिऊन राह्यलो मी.

चतुराबाई: हाक नको. दार तोडून येतील, धडाधडा आपटतील, मंग ते बिथरंल. गप ऱ्हा बद्री. तू बी गप ऱ्हा पोरी.

दैवशाला: दादा. सरकलं.

बद्रीनाथ: कुणीकडं?

दैवशाला: भिंतीच्या कडंकडंनं. मोरीकडं… आत घुसून राह्यलं… शेपूट गेलं. गेलं दादा! मोरीच्या तोंडाला पाट लावला मी. गेलं!

बद्रीनाथ: देवीआई, तुझी कृपा. आता बॅटरी लाव अन् आईचे पाय बघ. दोन्ही.

दैवशाला: ती काही बोलली न्हाई की. चावलं असतं तर वरडली नसती?

बद्रीनाथ: बघ म्हणतो ना!

दैवशाला: उजवा बरा हाये. डावा बाजंखाली लोंबून राह्यला, वर घेते… दादा, घोट्यापाशी रगत हाये. दोन ठिकाणी टोचल्यावाणी.

बद्रीनाथ: आई, दुखतंय का गं?

चतुराबाई: न्हाई बाबा. लकवा मारल्यापासून त्या पायाचं काही कळतंय का मला?

बद्रीनाथ: ऐक. तातेरावला गाडी काढायला लाव. पाय बांधायचा नाही, कापायचा नाही, मंत्र घालणाऱ्या कुणा जाणत्याकडं न्यायचं नाही. तिला चालवू नका, उचलून न्या. सरळ सरकारी दवाखाना. मी निघालोच.

दैवशाला: हां. हां… पण दादा, कवा चावलं असंल रे? मी कडी घालायच्या आधी, का मंग?

चतुराबाई: ते नको इचारू त्याला. गाडी बोलाव.