नोट्समधलं उत्तर

राजेंद्र सर : फुकट शिकवायची जागा एकच होती, बाई. काल पन्नास पोरांसमोर तोंडी प्रश्न विचारला. तुमच्या मुलीचं उत्तर चुकलं. विषय संपला.

स्नेहल : चुकलं नव्हतं, सर.

तुळसा : गप गो! सर, हाटेलातलं भाकऱ्यांचं काम सोडून पाचाडवरनं पयल्या गाडीनं आलो. पोरगी चुकली काय, येवढं तरी सांगा.

राजेंद्र सर : बघा फळ्यावर. x² + 3|x| + 2 = 0. मुळं किती? दोन. उणे एक आणि उणे दोन. ही म्हणाली, एकही नाही! अख्खा वर्ग हसला.

स्नेहल : तुम्ही हसलात म्हणून हसला. उणे एक घालून बघा ना, सर. वर्ग एक. त्या दोन उभ्या रेघांत उणे चिन्ह जातंच, म्हणून तीन एके तीन. वर हे दोन.

राजेंद्र सर : ...सहा.

स्नेहल : शून्य यायला हवं होतं.

तुळसा : म्हंजे टोपलीत नुसत्या भाकऱ्या पडतायत, उचलत कोण नाय. मग टोपली रिकामी व्हईल कशी?

राजेंद्र सर : (दार लोटून घेत) बारा वर्षं माझ्या नोट्समध्ये ‘दोन’ छापलंय. महाड-पोलादपूरची पोरं तेच पाठ करतात. आणि ही अकरावीतली पोर मला शिकवणार? हे बघा, जागा अजून कुणाला दिलेली नाही.

तुळसा : मग द्या ना हिला!

राजेंद्र सर : उद्या हिनं वर्गात उभं राहून सांगायचं, ‘माझं चुकलं, उत्तर दोन.’ जागा हिची.

स्नेहल : मी नाय सांगणार.

राजेंद्र सर : नको सांगू. पोलादपूरचा हृतिक आहेच. तो काल ‘दोन’च म्हणाला.

तुळसा : सांगेल ती.

स्नेहल : आये!

तुळसा : आत्ताच म्हणून दाखव. सरांना ऐकू दे.

स्नेहल : ...दोन.

राजेंद्र सर : मोठ्यानं. आणि चुकलं कुणाचं?

स्नेहल : माझं चुकलं. उत्तर दोन.

राजेंद्र सर : शाब्बास! उद्यापासून पहिल्या बाकावर बस. नव्या पोरांना हे गणित फळ्यावर तूच सोडवून दाखवायचं. माझ्या नोट्समध्ये आहे तसंच.

तुळसा : लई उपकार झाले, सर. येतो. चल गो... जिन्यात रडू नको, पोरं बघतात. जागा गावली ना?

स्नेहल : आये, टोपलीचं तूच बोललीस. माझं बरोबर हाय, हे कळलेलं ना तुला?

तुळसा : कळलेलं गो. डोळे पूस. पाचाडची गाडी लागली असंल.