निचऱ्याच्या मातीतले आजोबा

शप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे — आजोबांच्या थडग्याची शप्पथ — नाही, थांबा, तीच तर भानगड आहे, कुठल्या थडग्याची म्हणायची ते आधी ठरवायला लागेल, तर ती शप्पथ सध्या बाजूला ठेवा. बरंचसं खरं आहे असं धरून चाला. बसा हो बान साहेब, बस यायला अवकाश आहे, आणि आली तरी ड्रायव्हर उतरून याच दुकानात शेवयांचा वाडगा संपवतो, मगच पुढे हलतो. घ्या, माकगॉली घ्या, तांदळाची दारू आहे, डोक्याला चढत नाही. हलवून ओता, खाली साका बसतो — तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचा जन्मच खाली काय बसतं ते बघण्यात चाललाय.

नाही, रागावू नका. पण सकाळपासून मी तुमचं ते गिरमिट खांद्यावर घेऊन उतार चढतोय, आणि प्रत्येक भोकापाशी तुमचं एकच — खोल, चांगल्या निचऱ्याची, वाळूसर ते पोयट्याची, उतारावरची जमीन. पुढचं भोक — खोल, चांगल्या निचऱ्याची... मला पाठ झालं की. एवढ्यासाठी सरकार सोलहून माती तपासायला माणूस पाठवतं? आमच्या इथलं रताळंसुद्धा सांगेल. सरळ, लांब, गुळगुळीत निघालं की माती भुसभुशीत. गाठाळ, वाकडं, तोंड फिरवलेलं निघालं की चिकण. झालं शास्त्र. तुम्ही मात्र चिमूट घेणार, त्यावर पाणी शिंपडणार, तळहातावर वळी करणार, वळी मोडली की खूश होणार. आणि वरच्या अंगाला, पाईनच्या झाडांपलीकडे, तिथे वळी मोडेचना, चक्क बांगडी झाली मातीची, तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत — आठवतंय? बरोबर मुरडलंत. तिथेच आमचं अख्खं मेंग घराणं वर्षानुवर्षं गुडघे टेकून डोकं टेकवत होतं.

सांगतो ना. आजोबा गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. त्यांना या उतारावर पुरलं. गावाच्या उतारावरच, खाली रताळी, वर माणसं, अशी इथली पद्धत. त्याच उतारावर थोडं अंतर सोडून प्यो घराण्याचा म्हातारा, तो त्याच सुमाराला गेलेला. दोन उंचवटे, दोन दगड, दोघांची तोंडं तळ्याकडे. मग ते वादळ आलं. पाऊस एवढा की उताराची वरची साल घसरली — साल म्हणतोय, गर नाही — उंचवटे जवळजवळ सपाट, दगड खाली तळ्यात. पुढल्या वर्षी शरदातल्या पितरांच्या सणाआधी गवत कापायला दोन्ही घराणी विळे घेऊन चढली, आणि बघतात तर काय, दोन गवताळ टेंगळं, एक वर, एक खाली, कुणाचं कुणाचं काही कळेना.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? थांबेल. विचारेल. आमचे थोरले काका काय करतात? थोरले काका वर बघतात, खाली बघतात आणि म्हणतात, आमच्या बापाचा मान मोठा, म्हणजे तो वरच असणार. संपलं. आमच्याकडे थोरल्यानं म्हटलं की संपतंच, माझे वडील मान डोलवायलाच जन्मलेले. मग वरचं टेंगूळ आमचं, खालचं प्योंचं, दोघांनी नवे उंचवटे रचले, नवे दगड लावले, आणि तेव्हापासून दर शरदात नाशपाती, सुकवलेले मासे, भाताचे गोळे, तीन पेले ओतायचे, वाकायचं. आजीला कुणी विचारलंच नाही. तिचे गुडघे गेलेले, ती चढायची नाही, घरूनच डबा भरून द्यायची. मऊ उकडलेलं रताळं, कुस्करून. पूजेच्या ताटात कुस्करलेलं रताळं कोण ठेवतं? काका म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय. ठेवायचे मात्र, कोपऱ्यात.

आणि काकांचा धंदा. काय सांगू. आधी सार्वजनिक न्हाणीघर काढलं, गावातल्या प्रत्येकानं त्याच वर्षी घरात गरम पाण्याची टाकी बसवली. मग तळलेल्या कोंबडीचं दुकान, त्या वर्षी कोंबड्यांना रोग. मग मासे पाळले, मासे पोहत पोहत शेजाऱ्याच्या तळ्यात गेले, पुराच्या पाण्यातून, एकूण एक, जसं काही आधीच ठरलं होतं. तेव्हा काकांनी थडग्याची जागा शुभ की अशुभ ते बघणारा आणला. तुमचाच भाऊबंद साहेब, फक्त त्याच्याकडे गिरमिटाऐवजी होकायंत्र, आणि तो माती नुसती चोळत नाही, चाखतो. जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो. आमच्या वरच्या थडग्याची माती चाखली आणि थुंकला. म्हणाला, बाप पाण्यात झोपलाय, पोरं कोरडी कशी राहतील. यासाठी त्यानं जेवण, दारू आणि पाकीट घेतलं. वळी करून बघितली असती तरी फुकट कळलं असतं.

तर ठरलं, यंदाच्या अधिक महिन्यात बापाला हलवायचं. अधिक महिन्यात देवाभुतांना सुट्टी, कुणी बघत नाही, म्हणून थडगी तेव्हाच हलवतात. आजीला त्या दिवशी मी पाठीवर घेऊन वर नेलं — का म्हणजे, ती म्हणाली म्हणून. हलकी आहे हो, सुकलेल्या तेंदूच्या फळासारखी, काही फार मोठं काम नाही ते. खणलं. पहिल्या फावड्यालाच चिकट काळं पाणी, फावडं निघताना पचाक आवाज. आणि त्या चिखलात माणूस, बऱ्यापैकी शाबूत — चिकणमाती काही सोडत नाही ना, पाणी नाही, हाड नाही, काही नाही. काका रडायला लागले, सगळे भाऊ रडायला लागले, ठरलेलं असतं ते, पुढं होऊन रडायचं. आजी खड्ड्याच्या काठावर बसली, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली,

"ह्याला दात आहेत."

काका डोळे पुसून खड्ड्यात वाकले. कारण आमच्या आजोबांना चाळिशीतच एकही दात नव्हता, कसल्या तरी तापात सगळे पडले, नवे बसवायला पैसे नव्हते, आणि पुढे जन्मभर आजीनं त्यांना सगळं कुस्करून घातलं. खाली खड्ड्यात मात्र आख्खी बत्तिशी, वरून खालून, कणसासारखी. हसत होती जणू आमच्याकडे बघून. म्हणजे इतकी वर्षं आम्ही नाशपाती कुणाला खाऊ घातली? प्यो म्हाताऱ्याला. आणि आमचे आजोबा कुठे? खाली, वाळूसर, निचऱ्याच्या, तुमच्या त्या खोल मातीत, आणि प्यो मंडळी त्यांच्यापुढे वाकतायत.

आता प्योंकडे बघा. एक नातू मोठ्या कंपनीत. नात परदेशी शिकायला. आणि धाकटा नातू — सोलमध्ये दातांचा डॉक्टर. बोळक्या म्हाताऱ्यापुढे वाकून वाकून दातांचा डॉक्टर. हसू नका, काका हसले नाहीत. काका सरळ त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, हे सगळं आमच्या बापाचं आहे, अर्धं द्या. निदान घराण्याला जन्मभर फुकट दात. मी सोबत होतो, मला मान वर करवेना, इतकी लाज — म्हणजे मजा — आली. प्योंचा थोरला, म्हणजे मेलेल्याचा मुलगा, तोही आता म्हातारा, ओट्यावर बसून मिरच्या निवडत होता. त्यानं एक मिरची निवडली, दुसरी निवडली, मग म्हणाला,

"इतकी वर्षं जेवायला आम्ही घातलं. आता ते प्यो."

बस्स. आमचा माणूस द्यायला नकार, आणि स्वतःचा घ्यायलाही नकार. कारण स्वतःचा घेतला तर खालचा आपला नाही हे कबूल होतं ना. शहाणा म्हातारा. शिवाय त्यानं खांबावर कॅमेरा लावला, खालच्या थडग्यावर रोखलेला, आणि चौकीत सांगून ठेवलं, मेंगांपैकी कुणी फावडं घेऊन दिसला तर उचला. थडगं खणणं म्हणजे तुरुंग, गंमत नाही. कचेरीत विचारलं तर म्हणे, ज्यांनी सांभाळलं त्यांची सही आणा. काकांनी दोन आठवडे बोंब मारली आणि मग त्यांचं नेहमीचं, गप्प झाले, आता बहुतेक मधमाश्या पाळणार आहेत.

त्या दातवाल्याचं काय? तो आमच्या शेडमध्ये आहे. रताळ्यांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, कापडात गुंडाळून. खरंच. आजी रोज सकाळी त्याच्यापुढे भाताची वाटी ठेवते, घट्ट भात, कुस्करलेला नाही. म्हणते, पाहुणा आहे, पोरं नेतील कधीतरी. त्याच्याशी बोलते. मी शेडमध्ये स्कूटर ठेवतो, मलाही आता सवय लागलीय, येताजाता मान लवते. त्यात काय एवढं. तुम्ही असता तर तुम्हीही लववली असती.

आजीचं म्हणता — आजीचं काही नाही. तिनं कफन कधीच शिवून ठेवलंय, त्याच अधिक महिन्यात, तागाचं. काका म्हणतात, आई, कशाला डोंगर, हल्ली शहरात छान भिंती असतात, काचेचं दार, आत राखेचं भांडं, नंबर, पावसात भिजायचं नाही, पार्किंग आहे. पार्किंग. आजीनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली — काकांकडे नाही, माझ्याकडे —

"मला कपाटात ठेवू नका रे. त्याच्या मातीत ठेवा."

मी म्हटलं बघू. म्हणजे काय, मी कोण, मी काय करणार होतो. मी शेंडेफळ, दोन नोकऱ्या सोडून आलेला, रात्री तिच्या गुडघ्यांना तेल चोळतो तेवढंच. नवऱ्याशेजारी पडायचं एवढं साधं मागणं, आणि मधे कॅमेरा, चौकी, मिरच्या निवडणारा म्हातारा. तिला आता जेवण जात नाही. नाही, आजारी नाही, नुसतं जात नाही.

आणि मग तुम्ही आलात. नारिंगी जाकीट, पाठीवर शिक्का. उतारभर भोकं पाडायची परवानगी, खालच्या अंगासाठी त्या मिरच्यावाल्या प्यो म्हाताऱ्याच्या सहीची — त्याला कुणीतरी सांगितलं की माती चांगली निघाली तर जमिनीचा भाव वाढतो. कुणी सांगितलं कोण जाणे. आणि तुम्हाला सामान उचलायला माणूस हवा होता. मला बरं वाटत नव्हतं खरं म्हणजे, पण आलो.

न नांगरलेली, न हललेली जागा कुठे, असं तुम्हीच विचारलंत. मी हनुवटीनं दाखवली. थडग्याच्या पुढ्यातलं सपाट, जिथे प्यो चटई अंथरतात. आता ऐका. आजी म्हणते, आजोबांच्या उशाशी उभं राहिलं की त्या दोन खडकांच्या फटीतून तळं दिसतं. खडक कुठे गेले नाहीत. मी मापून उभा राहून बघितलं, तळं कुठून दिसतं? उंचवट्यावरून नाही, चटईच्या जागेवरून. प्योंनी नवा उंचवटा रचताना सोयीसाठी मागे सरकवला. म्हणजे ते इतकी वर्षं माझ्या आजोबांच्या पोटावर उभे राहून रिकाम्या ढिगापुढे वाकतायत. दातांचा डॉक्टरसुद्धा, बूट काढून का होईना.

तुमचं गिरमिट हातभर गेलं, वर काय आलं? पांढरी रेघ. तुम्ही म्हणालात, चुना कसा इथे? आम्ही पेटीभोवती माती भरताना चुना मिसळून पायांनी तुडवतो साहेब, गाणं म्हणत, फेर धरून. आणखी खाली काय आलं? काळपट, मऊ, बिनवासाचं. हाड नाही, केस नाही, काही नाही. तुम्ही रंगांच्या पट्ट्या लावून बघितल्यात, एकही जुळेना, आणि कारण समजत नाही म्हणालात. चांगला निचरा म्हणजे काय वाटलं तुम्हाला? सगळ्याचाच निचरा. पाऊस येतो, घेऊन जातो, थोडं थोडं, माणसासकट, आणि जे उरतं ते तुम्ही पिशवीत भरून गाठ मारलीत. तेव्हा मी टोपी का काढली विचारलंत. घाम, म्हटलं मी.

अहो, असे पांढरे का पडताय, पेला धरा. हे पाहा, थडगं खणणं गुन्हा आहे, पण मी कुठे खणलं? मी नुसती हनुवटी हलवली. गिरमिट तुमचं, जाकीट तुमचं, आणि ते सगळं प्योंच्या कॅमेऱ्यात छान दिसतंय, ऊनही चांगलं होतं. मी बोलणार नाही हो. मी कशाला बोलेन. सरकारी नमुना आहे म्हणता? त्या बदल्यात शेजारची ओंजळ भरून देतो, ती खरीच आहे तशी — खोल, चांगल्या निचऱ्याची — तुमच्या नकाशाला काय फरक पडणार.

ती बघा बस वळली. पाकीट आत ठेवा, मजुरी नको मला. पांढऱ्या रेघेची पिशवी काढा. गाठ सोडू नका, वारा आहे. द्या इकडे.