मागच्या एक्सलवरची फुली

ऊन कसलं, तुम्हाला सांगतो, वारा मेलेला, झाडाचं पान हलेना, व्हॅनचा पत्रा असा तापलेला की हात टेकला तर सालपट निघावं... आणि त्या पत्र्याखाली, ह्या वयात, उताणा कोण? मी. कारण काय, तर मागचा एक्सल मोडलेला, धाकट्या लेकीचे दिवस भरलेले, पहिलटकरीण, जावई लांब नोकरीवर, तिच्या गावापर्यंत बस जात नाही, आणि आमची ही पहाटेपासून बोचकं मांडीवर घेऊन दारात बसलेली. घटकेघटकेला विचारायची, "झालं का हो?" होतंय, म्हटलं.

एक्सल आणला भंगारातला. भंगारवाला म्हणाला, घ्या डोळे मिटून, ह्याला स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक वरही आहे नि खालीही आहे, कुठल्याही गाडीला बसतो. आता कुठल्याही म्हणजे कसाही बसतो, हे कोण सांगणार? मेहुणा हुशार, त्यानं त्यावर खडूनं फुली मारली. फुली म्हणजे वरची बाजू, हे त्याच्या मनात. माझ्या मनात, फुली म्हणजे खाली पडल्या पडल्या मला दिसायची ती बाजू. विचारलं का एकमेकांना? चाळीस वर्षांचं नातं, त्यात विचारायचं काय...

बरं, एक्सल म्हणजे काय उशी आहे? खाली दोन जॅक, मेहुण्याचं बाहेरून 'अजून थोडा भाऊजी, अजून थोडा', माझ्या छातीवर ते धूड, डोळ्यात गंजाचा चुरा, ब्रेकची नळी वीतभर तोकडी, तीही ओढूनताणून बसवली. तिथंच कळायला हवं होतं की नाही? पण दारातून आवाज, झालं का हो. होतंय म्हटलं, आणि बोल्ट आवळले... असे आवळले की आता माझे मलाच सुटायचे नाहीत.

दुपार कलली तशी ही पुढच्या सीटवर बसली, बोचक्यासकट. मी पहिला गिअर टाकला. गाडी मागं. पाण्याचं पिंप आडवं. म्हटलं, म्हातारपण, हात चुकला. पुन्हा पहिला, पुन्हा मागं, आता कुंडी. दुसरा टाकला तर आणखी जोरात मागं. मेहुणा खाली वाकला, फुली बघितली, उठला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊजी, आपण तो उलटा घातला." म्हणजे मागं जायला चार गिअर, आणि पुढं जायला एक, तोही रिव्हर्सचा, मुंगीच्या चालीचा.

काढून पुन्हा घालायचा तर उद्याचा अख्खा दिवस. तेवढ्यात लेकीचा फोन, आई, निघालीस का. आवाज असा बारीक झालेला... हिनं माझ्याकडे बघितलं. भावाकडे बघितलं. आणि फोनवर म्हणाली, "निघालो, बाळा." दार ओढून घेतलं. झालं का हो, हे काही ह्या वेळी विचारलं नाही.

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? बसलो. शेजारचा शिंपी सकाळपासून कुंपणावर कोपर टेकून बघत होता. तो हळूच आला, गळ्यातली टेप सारखी केली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खिडकीशी वाकून म्हणाला,

"काका, आरसे तेवढे पुसून घ्या."