तेवढं एक पान पुस

नको गं, चहा नको — तेविसावं घर आहे आजचं, चहा पिऊन पिऊन पित्त झालंय मला. तू फक्त फोन घे हातात, गंधाली. आपल्या बिल्डिंगची वेबसाइट उघड — हां, सौरभने बनवलेली, तीच. नवी बांधायला बिल्डिंग पाडली, कुणी गोरेगावला भाड्याने, कुणी तुझ्यासारखं मानखुर्दला, सगळे पांगले म्हणून केली त्याने. तुला माहीतच आहे, इंटरनेटवर नसतेच ती — ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये असते, दोन फोन जवळ आले की एकातलं पान दुसऱ्यात जातं, नेट नको की काही नको. झकास वाटलं होतं तेव्हा. आता वाट लागली ना — मी माझ्यातून पुसलं, आणि परवा एका घरी जाऊन बसलो तर त्यांच्या फोनमधून परत माझ्यात.

कुठलं पान म्हणजे? भीमराजचं. आपल्या बिल्डिंगमधली म्हातारी सुंदराबाई वारल्यावर या नव्या सेक्रेटरीने कागदावर तिचा अंगठा उठवून बिल्डरला संमती दिली, ते. खोटं आहे ते — मला कसं माहीत? माहीत आहे. म्हातारी चांगली शुद्धीत होती, खाटेवर बसून स्वतः अंगठा दिला, वर भीमराजलाच म्हणाली, शाई पुसायला फडकं दे. हो, होतो मी तिथे. साक्षीदार म्हणून सही माझीच आहे. मग लिहिलं कुणी — नाव कुठे द्यावं लागतं त्यात, कुणीही लिहितं. सोळा वर्षं सेक्रेटरी होतो मी, गंधाली. पंप, गटारं, लोकांची भांडणं — आणि निवडणुकीत सगळ्यांनी हात वर केले ते भीमराजसाठी. तुझ्या बाबांनीसुद्धा. राग आला, लिहिलं. वाटलं, दोन दिवस बोलतील आणि विसरतील. आता भीमराज मीटिंगला येत नाही, त्याच्या मुलीच्या, जान्हवीच्या होणाऱ्या सासरी ते पान पोचलंय, जमलेलं लग्न मोडायला आलंय. लाज वाटते गं. म्हणून फिरतोय घरोघर, गुडघे दुखतायत तरी.

काय म्हणालीस? नवीन पान? मी लिहायचं — ते खोटं होतं, मीच लिहिलं होतं — आणि खाली माझं नाव. तेही जाईल असंच सगळ्यांकडे, आपोआप. हो, जाईल ना. जान्हवीच्या सासरीपण जाईल.

पुसलंस का तू? बरं. माझी चप्पल — हां, ही इथे. दार लावून घे. मला अजून मुलुंडला जायचंय, तिथे एक घर राहिलंय पुसायचं.