कागदावरची प्रतिष्ठित बाई

नाई नाई, बसा ना जी भगवानराव, उभ्यानं कायले बोलता—एवढे अडत दुकानाचे मालक माह्या भज्याच्या हाटेलात आले, लोकं पाहतीन तं पाहतीन! तुमी पंच, मीबी पंच—फौजदारसाहेबानं सोता कागदावर लिवलं, 'इंदूबाई, उकंडाची बायको, मोहल्ल्यातली प्रतिष्ठित बाई'. दिल्लीच्या नव्या कायद्यात धंदेवालीच्या घरावर धाडीच्या वक्ताले एक प्रतिष्ठित बाई लागतेच म्हणे, अन् साऱ्या पांढरकवड्यात कोण्या घरची बाई हंसाबाईच्या उंबऱ्यात पाय ठेवते? कोणीच नाई. मंग आणा इंदूबाईले! कढई उतरवली, हात पुसले, गेली. उकंडा तं असा हासला—म्हणे, आता तुले नाव घेऊन बोलवाचं भेव वाटते.

हो हो, आयकून राह्यली. उद्या कोर्टात काय सांगाचं तेच ना? 'घरात माणूस कोणी सापडला नाई.' पाठ झालं जी. पण मले एक सांगा—शाळेच्या फाटकापासून हंसाच्या दारापर्यंत त्यायनं दोरी धरून मोजलं, दोनशे वाराच्या आत भरलं, म्हून गुन्हा. बरं! तिचा वकील म्हणे, कायद्यात बाईबी लिवली हाये अन् तिच्या संगतचा माणूसबी, शिक्षा दोघायलेबी. अन् पंचनाम्यात काय? खाट एक, आरसा एक, चहाच्या कपबश्या दोन—दोन्ही गरम—अन् माणूस? निरंक! दोन्ही कप हंसाच पेत होती काय, एक या हातानं, एक त्या हातानं? मी इचारलं तं शिपाई म्हणे, गप, अंगठा लाव.

अन् दुसरा पंच कुठून आणावा, तं तुमी हंसाच्या घराच्या बाजूनं सडकेवर येतच होते! फौजदारसाहेब म्हणे, या भगवानराव, बरे भेटले. काय नशीब तुमचं! सही करतानी मी तुमचं धोतर पाह्यलं—गुडघ्यापर्यंत कुसळंच कुसळं. सडकेनं येणाऱ्याले कुसळं कुठची लागतीन? ते तं तिच्या मागच्या खिडकीखालीच हायेत, कमरेएवढ्या गवतात, उडी मारली का चिकटलेच, मंग दोन-दोन दिवस बसा उपटत—

काय? मले कसं मालूम?

चहा प्या ना, थंडा होऊन राह्यला.

बरं. निघालंच आता तोंडातून. त्या खिडकीतून मीबी उडी मारलती, नऊ वर्सं झाले. चार वर्सं त्याच घरात होती मी. उकंडा गवतात उभा होता, हंसानं वरतून माहं गठोडं फेकलं अन् तवाच्या मालकिणीले सांगतलं, इंदू पाणी भराले गेली. लय मार खाल्ला तिनं माह्यापायी. अन् मी काय केलं? कोणी प्रतिष्ठित म्हणलं तं फुगली, अन् तिच्याच कागदावर अंगठा देऊन आली! लाज वाटते जी. चार दिवस झाले, भजे कच्चे उतरून राह्यले माहे.

हासा, हासा. सांगा उद्या कोर्टात साहेबाले, हे इंदू कोण होती. मंग साहेब इचारतीन, भगवानराव, तुमाले कोणं सांगतलं? तुमी काय सांगसान? मी सांगते ना—मीच सांगतलं, कुसळाच्या गोष्टीवरून! माहं हाटेल बसंन, मालूम हाये. माह्या हातचं भजं कोणी खाणार नाई. उकंडाले म्या सकाळीच सांगतलं, तं तो म्हणे, मी खाईन. पण हंसा आता एकटी नाई जात तुरुंगात. गेली तं कायद्यात लिवलं तशी, जोडीनंच.

उठले? कप तं खाली ठेवा. अन् तिकडं कुठं चालले जी? माह्या हाटेलाले मागचं दार नाई.

समोरून जा.