बाटली मसाल्याचा पासवर्ड

जळणं म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या गिरगावच्या घरी सासूबाईंनी, म्हणजे मम्मींनी, वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायच्या आमच्या ईस्ट इंडियन बाटली मसाल्याची कृती कॉम्प्युटरवर उतरवली आणि तेवढ्या एका फाईलला पासवर्ड घातला. बाकी फोटो, बिलं, सगळं उघडं. पासवर्ड कुणाला सांगितला? धाकट्या जावेला, शेरॉनला! मी थोरली, आणि ती कालची आलेली.

मी गोड आवाजात विचारलं, "शेरॉन, त्यात तीळ किती लिहिलेत गं?"

"सॉरी हां, मम्मींनी कुणाला सांगायचं नाही म्हटलंय."

त्यानंतर मी तिच्याशी धड बोललेच नाही. शेवटी मिरच्या निवडताना मम्मींसमोर माझा बांध फुटलाच, "ती लाडकी, मग मी कोण?"

मम्मींनी मान वर केली. "माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा मसाला कुणी भाजला?"

"मी."

"मी बाजूला बसून तुझंच प्रमाण लिहून घेतलं. माझ्यापेक्षा छान झाला होता, म्हणून. ती फाईल तुझीच आहे."

माझे डोळे भरून आले. "मग पासवर्ड मला का नाही?"

"तू उघडलीस की काहीतरी बदलशील."

आणि खरं सांगते, धणे कमी करायचं माझ्या मनात होतंच.