वाचलेला तारा

लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मिस्त्री विद्यापीठाच्या बाकावर चहा फुंकत बसला होता. शेजारी मांडीवर प्रबंध घेतलेली एक मुलगी आणि तिचे सर. समोरच्या बंद दाराआड परीक्षक.

“सर, प्रबंधातला तो तारा जोडीदार नाहीच.”

“हे आत्ता सांगतेस? दहा मिनिटांत आत बोलावतील.”

“श्वेत बटू तारा फुटला, पण त्याला वायू पुरवणारा जोडीदार तारा वाचला, असं मी लिहिलंय. काल नवं मोजमाप आलं. हा तारा आपल्यापासून स्फोटाच्या निम्म्या अंतरावरच आहे. त्याचा त्या स्फोटाशी काडीचा संबंध नाही.”

“मग बटू फुटला कशानं?”

“दोन बटू एकमेकांवर आदळले असतील. मागं कुणीच उरलं नसेल.”

“असतील-नसेलवर पदवी मिळत नाही. कुणी विचारलं नाही, तर गप्प बस.”

“आणि जुनं अंतर कुणी काढलं, असं विचारलं तर?”

“छापील शोधनिबंधातून घेतलं म्हणायचं.”

“त्याच्यावर तुमचं नाव आहे, सर.”

मिस्त्रीचा चहा हातातच राहिला. दार उघडलं आणि शिपायानं मुलीला हाक मारली.

सर तिच्याआधी उठले. “तू बस. त्या अंतराचं आधी मी बोलून येतो.”